'रुद्रम' : वेळेवर संपलेली गोष्ट

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. अडखळणं, खोकणं तेवढं काढलंय, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय. मालिकेचा शेवट यात सांगितलेला नाही, त्यामुळे निर्धास्त वाचा.)

आज मी स्टुडिओत वगैरे नाही, चौसाळ्यात आमच्या घरी बसून बोलतेय. बीडहून निघालात, मांजरसुंबा मागं टाकलं आणि सोलापूरच्या रस्त्याला लागलात की चौसाळा येतं. मागं कोंबडा ओरडेल, हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येतील, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे 'रुद्रम'. झी युवावर 2017 साली लागलेली मालिका. ऑगस्टमध्ये सुरू झाली, नोव्हेंबरात संपली. साधारण ऐंशी भाग. आपल्याकडं मालिका म्हटलं की चार-चार वर्षं चालते, सून सासू होते, सासूचा फोटो भिंतीवर जातो तरी चालूच असते. त्या हिशोबानं 'रुद्रम' म्हणजे पाहुणी येऊन चहा पिऊन गेली म्हणायची. पण गेल्या कित्येक वर्षांत मी आणि माझी आई एखाद्या मालिकेवर सगळ्यात जास्त बोललो असू तर ती हीच.

आता आईचं का आलं मध्येच, तर तिच्याशिवाय ह्या मालिकेबद्दल मला बोलताच येणार नाही. तिला विचारूनच सांगतेय. ती म्हणली, "सांग की, मी काय चोरी केली व्हय."

आधी मालिकेबद्दल सांगते, म्हणजे ज्यांनी बघितली नाही त्यांनाही कळेल. रागिणी देसाई नावाची एक बाई. मुक्ता बर्वेनं केलीय. तिच्या घरातली जिवाभावाची माणसं गेलीत. ती का गेली, कुणी घालवली, ह्या प्रश्नाच्या मागं ती लागते. बास, मी एवढंच सांगणार. लेखक गिरीश जोशी, दिग्दर्शक भीमराव मुडे. वंदना गुप्ते, सतीश राजवाडे अशी तगडी माणसं त्यात होती. गिरीश जोशी म्हणजे 'फायनल ड्राफ्ट' नाटकवाले. त्या नाटकात दोनच पात्रं, आणि त्यातलं एक मुक्ता बर्वेचं. म्हणजे ह्या लेखकाला ही नटी काय ताकदीची आहे ते पक्कं माहीत होतं.

आमच्यासारख्या घरांत मुक्ता बर्वे म्हणजे राधा. 2012 ची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. घना-राधा. आमच्या आज्जीला तर तिचं खरं नाव राधाच वाटायचं. 'रुद्रम'चा पहिला भाग लागला तेव्हा आज्जी म्हणाली, "अगं, राधाला काय झालं? आजारी हाय का?" कारण चेहऱ्यावर रंगरंगोटी नाही, केस कसेही, डोळे जागरणानं सुजल्यासारखे. घरातलं माणूस गेल्यावर बाई जशी दिसते तशी ती दिसायची. मालिकांमध्ये तेराव्याला सुद्धा बायका नथ घालून बसतात हो! त्यामुळं आम्हाला आधी ते विचित्र वाटलं, आणि मग चार दिवसांत दुसऱ्या मालिका विचित्र वाटायला लागल्या.

मी तेव्हा अकरावीला होते. घरात टीव्ही एक आणि वेळ साडेनऊची. त्याच वेळेला सोमवार-मंगळवारी 'चला हवा येऊ द्या'. आज्जीला ते पाहिजे, धाकट्या भावाला ते पाहिजे. आई एरवी कधी रिमोट मागायची नाही. पण पहिल्या आठवड्यानंतर ती रिमोट पदराखाली घेऊन बसायला लागली. "हसायचं नंतर बघा. हिचं आज काय होतं ते बघू द्या."

आई शिकलीय चौथीपर्यंत. रहस्यकथा म्हणून तिनं काही वाचलेलं नाही. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, सुहास शिरवळकरांची पुस्तकं एसटी स्टँडवर हातोहात जायची, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आहेत. हे सगळं मला नंतर कळलं, तिला अजूनही माहीत नाही. पण संशय कुणावर घ्यायचा, कुणावर नाही, ह्यात तिचं डोकं असं चालायचं की मी बघत राहायचे. भाकरी थापता थापता म्हणायची, "तो माणूस आज पाणी न पिता उठून गेला, ध्यानात ठेव." मी म्हणायचे, अगं त्याला घाई असेल. "घाई असलेला माणूस उभ्यानं पितो. हा बसला, आन मग प्याला न्हाई."

आता तुम्हाला आमच्या भागाचं कॅलेंडर माहीत असेल. बीड जिल्हा म्हणजे ऊसतोड. दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, टोळी ट्रॅक्टरमध्ये भरून कारखान्याच्या भागात जाते ती उन्हाळ्यातच परत येते. माझे आईवडील दोघंही जायचे. आम्ही दोघं भावंडं आज्जीपाशी. 2017 ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. 'रुद्रम' नोव्हेंबरच्या शेवटाला संपणार. म्हणजे ऐन टिपेला असताना आई निघाली. जवळजवळ साठ भाग झाले होते, वीसेक बाकी होते.

निघायच्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर दारात. पीठ, मीठ, पातेली, गोधड्या सगळं भरणं चाललेलं. आईनं मला बाजूला घेतलं. मला वाटलं अभ्यासाचं सांगणार, आज्जीच्या गोळ्यांचं सांगणार. ते सांगितलंच. आणि मग पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले. "हे टीव्हीच्या रिचार्जला. दुसऱ्या कशाला मोडू नको. रोज बघायचं आन मला सांगायचं. नीट सांगायचं, गाळायचं न्हाई."

अशी ती रीत सुरू झाली. आईकडं साधा बटणाचा फोन होता. साडेनऊला तर ती लोकं झोपलेली असतात, कारण पहाटे चारला उठून फडात जायचं असतं, आणि मध्येच गाडी भरायला आली तर रात्रीही उठायचं. त्यामुळं आज रात्री मी भाग बघायचा आणि उद्या संध्याकाळी, ते कोपीवर आले, चूल पेटली की आईचा फोन यायचा. कोपी म्हणजे तळावरची पाचटाची, बांबूची झोपडी. पहिला प्रश्न, "जेवलात का?" दुसरा प्रश्न, "काय झालं गं काल?"

आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की फोनवर आई एकटी नाहीये. ती फोन स्पीकरला लावायची. शेजारच्या कोप्यांमधल्या बायका चुलीपाशी येऊन बसायच्या. त्यांनी मालिका बघितलीच नव्हती. मग त्यांना पुढचं कसं कळणार? तर आईनं त्यांना पहिले साठ भाग आठवून आठवून सांगितले होते, फडात मोळ्या बांधता बांधता! म्हणजे पहिले साठ आईच्या तोंडून आणि पुढचे वीस माझ्या तोंडून, अशी 'रुद्रम' त्या तळावर लागली होती.

आता मी जरा मालिकेच्या बांधणीवर बोलते, कारण ती मला कळली ती ह्या फोनमुळंच.

तुम्ही एखादा भाग फोनवर सांगून बघा. नेहमीच्या मालिकेचा भाग एका वाक्यात संपतो. "काही नाही, ती रडली, हिनं ऐकलं, वीज चमकली, तिघांचे चेहरे तीन-तीनदा दाखवले." 'रुद्रम'चा भाग सांगायला मला दहा-दहा मिनिटं लागायची. फोनमधला बॅलन्स संपायचा. कुणी काय विचारलं, कुणी काय लपवलं, रागिणीला आधी काय वाटलं आणि मग काय कळलं, ह्यातलं एक गाळलं की दुसऱ्या दिवशी पुढचं जुळायचं नाही. आई लगेच पकडायची, "मधलं काहीतरी खाल्लंस तू."

खुनाच्या गोष्टीचं असं असतं बघा, तिला ओढून लांबवता येत नाही. संशयित किती, तर पाच-सात. धागे किती, तर मोजकेच. रोज एक धागा उलगडला तर गोष्ट कधीतरी संपणारच. लांबवायची म्हटलं तर दोनच वाटा, एक तर नवीन माणसं आणा, नाहीतर आधी खरं दाखवलेलं खोटं पाडा. दोन्हीत बघणाऱ्याची फसवणूक. कारण बघणारा घरी बसून हिशोब मांडत असतो, आमच्या आईसारखा. तुम्ही आकडेच मागाहून बदलले तर तो कशाला मांडेल?

ह्याचं जगातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'ट्विन पीक्स'. अमेरिकेत 1990 ला लागलेली, डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची. एका शाळकरी मुलीचा खून झालाय, कुणी केला? सगळा देश तोच प्रश्न विचारत होता. करणाऱ्यांना ते कोडं लवकर सोडवायचं नव्हतं, चॅनेलला मात्र उत्तर पाहिजे होतं. शेवटी दबावापुढं दुसऱ्या सीझनच्या मध्यातच खुनी दाखवला, मग बघणारे गळत गेले आणि 1991 ला मालिका बंद. म्हणजे शेवट नेमका कधी करायचा, हे रहस्यमालिकेत निम्मं काम असतं.

आपल्याकडं ह्यावर वेगवेगळे तोडगे निघालेत. दूरदर्शनवर 1993 ला बासू चटर्जींनी 'ब्योमकेश बक्षी' केली, शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या कथांवर. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित. माझे वडील अजून सांगतात, शेजारच्यांच्या ओसरीत बसून बघायचे. तिथं बहुतेक एका भागात एक प्रकरण मिटायचं. त्याच्या आधी मराठीत 'एक शून्य शून्य' होती, बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम यांची. पोलिसांचा शंभर नंबर, त्यावरून नाव. ह्याच दोघांनी पुढं 1998 ला 'सीआयडी' आणली आणि ती वीस वर्षं चालली. वीस वर्षं चालली कारण खून दर आठवड्याला नवा. दया दार तोडायचा आणि आपण निवांत झोपायला जायचो. त्यातला मेलेला माणूस कोण होता, हे सोमवारी कुणाच्या लक्षात असतं? मला 'सीआयडी' आवडते, गैरसमज नको. पण मेलेल्या माणसाचं दुःख तिथं मुक्कामाला नसतं.

दुसरा तोडगा म्हणजे मुदत आधीच सांगून टाकायची. झी मराठीवर 2016 च्या दिवाळीच्या सुमारास '100 डेज' आली होती, आदिनाथ कोठारे, तेजस्विनी पंडित आणि रमेश भाटकर. नावातच कबुली, की बाबांनो, आम्ही फार ताणणार नाही.

'रुद्रम'नं काय केलं, तर एकच गोष्ट घेतली आणि ऐंशी भागांत मांडली. हिशोब करा, जाहिराती सोडून एक भाग वीस-बावीस मिनिटांचा. ऐंशी भाग म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस तास. दहा-अकरा सिनेमांइतका ऐवज झाला. एवढ्या वेळात दुःखही मुक्कामाला राहू शकतं. रागिणी पोलीस नाही, गुप्तहेर नाही. तिला शोध कसा घ्यायचा हे शिकवलेलं नाही. ती चुकते, घाबरते, चुकीच्या माणसावर विश्वास टाकते. खरं शोधायचं म्हणून ती जे करत जाते, त्यात ती स्वतःही बदलत जाते, आणि ते बघून आपल्याला बरं वाटत नाही. सूड म्हणजे टाळ्या वाजवायची गोष्ट नाही, हे मुक्ता बर्वेच्या चेहऱ्यावर दिसायचं, कुणी भाषण देऊन सांगायची गरज पडायची नाही.

सगळं सोनंच होतं असं मी म्हणणार नाही. पार्श्वसंगीत कधीकधी फार कानावर यायचं. मध्ये काही ठिकाणी योगायोग जरा जास्तच सोयीचे वाटले. आणि चॅनेल नवं, त्याला वर्षच झालेलं, त्यामुळं कॉलेजात मी कुणाला विचारलं 'रुद्रम बघता का?' तर पोरी म्हणायच्या, "ते काय असतं?" एवढं चांगलं काम गावात चार घरांतही पोचलं नाही, ह्याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं.

आता मूळ गोष्टीकडं येते. नोव्हेंबरात एका रात्री नेमकी लाईट गेली. साडेनऊला गेली ती अकराला आली. भाग हुकला. आमच्याकडं स्मार्टफोन नव्हता. पुन्हा कधी दाखवतात तेही मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला, पाठीमागं बायकांची कुजबुज ऐकू येतेय, चुलीचा जाळ तडतडतोय. दिवसभर ऊस तोडून आलेल्या बायका वाट बघत बसल्यात, त्यांना 'लाईट गेली' कसं सांगू? मी ठोकून दिलं. एका माणसाला उचलून गुन्हेगार केला. म्हटलं, काल असं-असं झालं, त्यानंच कबूल केलं.

तिकडं सगळ्याजणी "अगं बाई!" म्हणाल्या. आई गप्प. मग म्हणाली, "फोन जरा कानाला घेते." स्पीकर बंद केला आणि हळूच म्हणाली, "लाईट गेली व्हती का?"

मी रडायलाच लागले. म्हटलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "इतके दिवस बघतीय त्या माणसाला मी. तो असा एकदम कबूल करनारा न्हाई. तू त्याला उगाच गुतवलास."

मंडळी, चांगल्या रहस्यकथेचं ह्याच्यापेक्षा मोठं कौतुक मला करता येत नाही. पुढं मी भरपूर वाचलं, क्लू कसे पेरतात, वाचकाला सगळे पुरावे आधी दिले पाहिजेत वगैरे. पण माणसाचा स्वभाव हाच पुरावा असतो, आणि लेखकानं तो इतका पक्का बसवला पाहिजे की दोनशे-तीनशे किलोमीटरवर, भाग न बघता, चौथी शिकलेल्या बाईला खोटं ओळखता आलं पाहिजे. गिरीश जोशींनी ते केलं होतं.

आईनं बायकांना मात्र सांगितलं नाही. स्पीकर परत लावला आणि म्हणाली, "पोरीला नीट ऐकू आलं नव्हतं म्हने, उद्या बघून सांगती." माझी लाज राखली.

शेवटचा आठवडा आला. गुरुवारपर्यंत मी सगळं सांगितलं. शुक्रवारी रात्री शेवटचा भाग बघितला, आज्जी आणि भाऊसुद्धा गप्प बसून बघत होते. शनिवारी संध्याकाळी फोन आला. मी सांगायला सुरुवात करणार तोच आई म्हणाली, "थांब. ह्यांना सांग, मला सांगू नको. मी आल्यावर बघते." आणि ती फोन दुसऱ्या बाईच्या हातात देऊन लांब जाऊन बसली. मी त्या बायकांना शेवट सांगितला. चार महिने त्या सगळ्यांना शेवट माहीत होता, आईला नाही. त्याच फडात, त्याच चुलीवर, आणि एकीनंही तो फोडला नाही. हे मला अजून खरं वाटत नाही.

मी तिला नंतर विचारलं, का गं थांबलीस? ती म्हणाली, "घरी येऊन करायला काहीतरी पाहिजे की." मी समजले तेवढं समजले. हंगाम संपतो पण मुकादमाचा हिशोब संपत नाही, उचल थोडी अंगावर राहतेच, ती पुढच्या वर्षी जाते. तिच्या वर्षात शेवट असलेली एकच गोष्ट होती, आणि ती तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला राखून ठेवली होती.

एप्रिलमध्ये ती आली. हात कुसळांनी, पात्यांनी चिरलेले. पहिल्या दिवशी नुसती झोपली. दुसऱ्या दिवशी चुलतभावाचा स्मार्टफोन मागून आणला, नेट त्याचंच. ताटलीला फोन टेकवून उभा केला आणि आम्ही दोघी शेवटचे वीस भाग बघायला बसलो. तीन रात्री लागल्या. मी सांगितलेले भाग बघताना ती मध्येमध्ये म्हणायची, "हे तू सांगितलं नव्हतंस," "इथं तू घाई केलीस." लाईट गेलेला तो भागही बघितला, मी पहिल्यांदाच बघत होते. ज्याला मी गुतवला होता तो पडद्यावर आला तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं फक्त.

शेवटच्या भागाआधी तिनं फोन थांबवायला लावला. बोटावर मोजून तिचा हिशोब मांडला, कोण, का, कसं. मग म्हणाली, "लाव आता."

तिचा अंदाज बरोबर निघाला का? ते सांगितलं तर शेवटच फुटेल. त्या कोपीवरच्या बायकांनी चार महिने पाळलं, मी आता पाचच मिनिटं राहिलीत तर कशाला मोडू?

बघितली नसेल तर 'रुद्रम' बघा. घाईनं नको, रोज एक-दोन भाग. आणि जमलं तर कुणाला तरी फोनवर सांगत सांगत बघा, मालिका किती घट्ट विणलीय ते तेव्हाच कळतं. तुमच्याकडं अशी लवकर संपलेली, पण डोक्यातून न गेलेली कुठली मालिका असेल तर मला जरूर कळवा. फक्त खुनी कोण ते लिहू नका.

आई आतून विचारतेय, झालं का बोलून, भाकरी गार होतीय. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.